त्रिशलामातेची स्वप्ने 14 की 16?

मा. संपादक,

महावीर जयंतीच्या पुरवणीत महावीरांची आई त्रिशलामाता हिला गर्भधारणेच्या वेळी पडलेल्या स्वप्नांच्या चित्राखाली ‘16 शुभस्वप्ने’ असे छापले आहे. चित्रात मात्र ध्वज आहे आणि माशांची जोडी कुठेच नाही. म्हणजे जैनांच्या दोन पंथांपैकी चित्र श्वेतांबर आणि ओळ दिगंबर!

कल्पसूत्र या श्वेतांबर ग्रंथातली 14 स्वप्ने अशी: हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, ध्वज, पूर्णकलश, पद्मसरोवर, क्षीरसागर, विमान, रत्नराशी आणि निर्धूम अग्नी. दिगंबरांकडे यातला ध्वज नाही. मीनयुगल (माशांची जोडी), सिंहासन आणि नागेंद्रभवन ही तीन जास्त, म्हणून 16. माळा आणि कलशही तिथे दोन-दोन. यादी पाठ नसली तरी मासे आहेत की ध्वज, एवढे पाहिले की काम भागते. मुंबई-पुण्याच्या देरासरांत, म्हणजे श्वेतांबर मंदिरांत, पर्युषण पर्वात महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी चांदीची ‘सपने’ वरून एकेक करून उतरवतात ती 14; सांगली-कोल्हापूरकडे दिगंबरांच्या पंचकल्याणक या मूर्तिप्रतिष्ठेच्या सोहळ्यात, गर्भकल्याणकाच्या (गर्भधारणेच्या प्रसंगाच्या) वेळी दाखवतात ती 16.

चित्रकाराने सिंह पहिला काढला, त्यावर कुणी हरकत घेतली तर ऐकू नका. कल्पसूत्राच्या यादीत हत्ती आधी असला, तरी महावीरांच्या आईला प्रथम सिंह दिसला आणि पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या आईला वृषभ, असे श्वेतांबर परंपरा सांगते.

चित्रासोबतच्या लेखातली चूक मोठी आहे. हरिणैगमेषी देवाने देवानंदा ब्राह्मणीच्या उदरातला गर्भ 82 दिवसांनी त्रिशलेकडे नेला, ही कथा सरसकट ‘जैन मान्यता’ म्हणून दिली आहे. दिगंबर ती मानत नाहीत. शिवाय तिथी दिली आहे आश्विन वद्य 13. ती हिंदी पंचांगातली. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्या पंचांगात तीच तिथी भाद्रपद वद्य 13 येते. जशीच्या तशी उचलल्यामुळे गर्भसंक्रमण थेट धनत्रयोदशीला जाऊन बसले! देवानंदेची गर्भधारणा आषाढ शुद्ध 6 ची. तिथून बोटांवर मोजले असते तरी महिनाभराचा फरक लगेच लक्षात आला असता.

वैशालीचा चेटक राजा श्वेतांबर ग्रंथांत त्रिशलेचा भाऊ आहे, तर दिगंबरांच्या उत्तरपुराणात वडील. लेखात पहिल्या परिच्छेदात ती त्याची बहीण आहे आणि तिसऱ्यात कन्या. लेखात म्हटल्याप्रमाणे प्रियकारिणी ही महावीरांचे वडील सिद्धार्थ राजा यांची दुसरी राणी नव्हे. ते त्रिशलेचेच नाव आहे, दिगंबर ग्रंथांत अधिक रुळलेले.

दुरुस्ती छापाल तेव्हा चित्राला हात लावू नका. खालच्या ओळीत 16 चे 14 करा आणि तिथीतला महिना बदला.

— एक वाचक