गोणपाटातले शंभर दाणे

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही दोघंही खुशाल आहोत. रोज फोन होतो आणि तरी हे पत्र कशाला लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. हे सांगायला म्हणून मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा सोयाबीनच्या भावावर बोलून ठेवून दिला. अण्णा, तुम्हीच चष्मा लावून मोठ्याने वाचा, आईला शेजारी बसवा. मध्ये थांबू नका.

गेल्या गुरुवारी आईचा फोन आला तेव्हा स्वाती पूजेला बसली होती. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. घट मांडलेला, कहाणी अर्धी वाचून झालेली. फोन स्पीकरवर होता. आई, तू म्हणालीस की गुरुजींनी हिची पत्रिका पाहिली, दोष निघालाय, त्र्यंबकेश्वरला तीन दिवस काढून नारायण नागबली करून घ्या. ती "हो आई" म्हणाली. फोन बाजूला ठेवून जिथे थांबली होती तिथून तिने कहाणी पुढे वाचली, अगदी शेवटपर्यंत. आरती केली, नैवेद्याचं दूध माझ्या हातावर घातलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवता बराच वेळ नुसती ओट्यापाशी उभी राहिली.

आई, दोष तिच्या पत्रिकेत नाही आणि तिच्या शरीरातही नाही. तुमच्याच शब्दात सांगायचं तर तो माझ्यात आहे. मला हे मार्च २०२१ पासून माहीत आहे. पावणेपाच वर्षं मी ते तुमच्यापासून लपवलं आणि तुम्ही तिला जे जे बोललात ते सगळं तिला ऐकू दिलं.

पहिल्यापासून सांगतो. लग्न २०१७ चं. दोन वर्षं वाट पाहून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुढचं दीड वर्ष सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या. दर महिन्याला दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, रक्ताच्या बाटल्या, गोळ्या. नळ्या उघड्या आहेत का हे बघायला औषध आत सोडून एक्सरे काढतात, त्या दिवशी ती टेबलाची कड धरून बसली होती आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "फार काही नाही दुखलं." मग दुर्बिणीची तपासणी, भूल देऊन. सगळं नॉर्मल. त्या दीड वर्षात मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर नवरा-बायको दोघांची तपासणी एकदमच करायची असते, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं. पुरुषाची तपासणी किती असते? काहीशे रुपये आणि एक सकाळ. एक प्लास्टिकची डबी, वर नाव लिहिलेली चिठ्ठी.

अण्णा, तुम्ही दरवर्षी मे महिन्यात काय करता? घरचं सोयाबीनचं बी पेरायचं तर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने मांडता, गुंडाळी करून सावलीत ठेवता, रोज पाणी शिंपडता. आठवड्याने उलगडून मोड मोजता. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो, पासष्ट उगवले तर थोडं वाढवायचं, पन्नास-साठ निघाले तर बी बदलायचं. लहानपणी ती मोजणी मी तुमच्या शेजारी उकिडवं बसून केली आहे. बी न तपासता तुम्ही कधी रानाला नावं ठेवली नाहीत. वरच्या वावरात एका वर्षी उगवण झाली नाही तेव्हा शेजारचे म्हणाले होते जमीन उतरली, तर तुम्ही म्हणालात, आधी पोत्यातलं बी बघू. आणि आपल्या घरात, अण्णा, आपण सगळ्यांनी मिळून आठ वर्षं रानाला बोल लावला.

रिपोर्टमध्ये आकडा होता. एका मिलिलिटरमागे पुरुषबीजं निदान एक कोटी साठ लाख असावीत असं धरतात. माझी वीस लाख. त्यातली नीट हलणारी थोडीच. महिन्याने परत तपासणी केली, तेवढीच. तुम्हाला हे वाचताना अवघड वाटत असेल, मला लिहितानाही वाटतंय. पण हा आजार आहे. काहीतरी वावगं वागल्याची ही शिक्षा नव्हे, आणि पुरुषपण कमी असण्याशीही याचा संबंध नाही. बाई म्हणाल्या, मूल न होणाऱ्या निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जगभरचा हिशेब मांडला, तेव्हा दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण आल्याचं निघालं. म्हणजे आपल्या आळीतसुद्धा कितीतरी घरं असतील. बोलत कुणी नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही बाहेर आलो. रिक्षा मिळेपर्यंत स्वातीने तो कागद चार घड्या करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. म्हणाली, "वाईला काही सांगू नकोस. तिथे तुला चारचौघांत वावरायचंय. माझ्यावरच राहू दे." मी "बरं" म्हणालो. एवढंच म्हणालो, आई. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी आज तुमच्यापुढे कबूल करतो.

त्या जूनमध्ये मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं ना, ते हर्नियाचं नव्हतं. अंडकोषातल्या फुगलेल्या शिरांचं होतं. तू आठ दिवस येऊन राहिलीस, मला शिरा करून घातलास, आणि निघताना तिला म्हणालीस, "त्याचं सगळं करतेस, आता तेवढं स्वतःकडे बघ." ती पाया पडली. ऑपरेशनचा गुण यायला तीन महिने थांबावं लागतं, कारण बीज तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. आकडा थोडा वर गेला, पुरेसा नाही.

मग २०२२ मध्ये टेस्ट ट्यूबच्या मार्गाला लागलो. त्यातली इक्सी नावाची पद्धत. एकेका स्त्रीबीजात एकच पुरुषबीज निवडून बारीक काचेच्या सुईने सोडतात. ज्याच्याकडे बीजं कमी, त्याच्यासाठी हा उपाय. इलाज माझ्या उणिवेचा आणि सुया सगळ्या तिच्या पोटात. दहा-अकरा दिवस रोज रात्री नऊला, बेंबीच्या आजूबाजूला जागा बदलून. ही इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात. आमच्या फ्रिजमध्ये तू दिलेल्या ओल्या हळदीच्या लोणच्याच्या बरणीला टेकून ती खोकी उभी असायची.

त्या वर्षीच्या गौरींना आम्ही वाईला आलो तेव्हा ती इंजेक्शनं चालू होती. एसटीत तिने बर्फ घातलेला थर्मास मांडीवर धरला होता, तू विचारलंस तर म्हणाली, डोळ्यांचे थेंब आहेत. रात्री नऊला बाहेर ओसरीवर बायका गौरीपुढे फुगड्या घालत होत्या आणि मी मागच्या न्हाणीघरात मोबाइलचा उजेड धरून उभा होतो. तिने पदर दातात धरला, पोटाची चिमूट धरली. कालच्या जागा निळ्या-जांभळ्या झाल्या होत्या, मोकळी जागा सापडेना. बाहेरून काकूंचा आवाज आला, "सूनबाई कुठं गेली? हिला कसली हौसच नाही बघा." सुई काढून कापसाने दाबून धरत ती मला खुणेने म्हणाली, बोलू नको. दोन मिनिटांनी बाहेर येऊन फुगडीला उभी राहिली.

अकरा स्त्रीबीजं निघाली, आठ फळली, पाचव्या दिवशी तीन गर्भ उरले. लॅबमधून रोज सकाळी फोन यायचा, किती शिल्लक आहेत सांगायला. तो फोन यायच्या वेळी आम्ही दोघं चहा तसाच ठेवून बसायचो. पहिला गर्भ सोडला, पंधरा दिवसांनी रक्ततपासणी, काही नाही. दुसरा २०२३ च्या उन्हाळ्यात. या वेळी दिवस राहिले. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो, पडद्यावर छोटी पिशवी दिसली, ठोके नव्हते. तो आषाढी एकादशीचा दिवस. तुझा फोन आला, भगर केली का विचारायला. मी सांगितलं, तिला ताप आहे. खरं म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आणि तुमचं एक नातवंड पंधरा-सोळा दिवस आमच्या घरात होतं हे तुम्हाला आज कळतंय. ह्याबद्दल मला माफ करा. तुम्हालाही रडायचा हक्क होता.

एका खेपेला पावणेदोन लाख लागले, पुढचे खर्च वेगळे. माझ्या मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. गाडी घेणार होतो ते पैसे तिकडे गेले. आणि तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात की आजकालच्या मुलींना नोकरी आधी लागते.

आता एकच गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. धाकट्या वहिनीचं डोहाळजेवण. सवाष्णी एकेक करून ओटी भरत होत्या. स्वाती खण-नारळाचं ताट घेऊन पुढे झाली, तर काकूंनी तिच्या हातातून ताट घेतलं आणि म्हणाल्या, "तू जरा आमटीकडे बघ जा." आई, तू समोरच होतीस. तू पदर सारखा केलास आणि दुसरीकडे पाहिलंस. मी दारात सतरंज्या घेऊन उभा होतो. तुझ्यावर हे ढकलत नाही, कारण तुला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. मी तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. ती आत गेली आणि खरंच आमटी ढवळत बसली. त्या दिवसापासून ती कुणाच्या डोहाळजेवणाला, बारशाला जात नाही, आणि तुम्ही म्हणता ती माणूसघाणी झाली.

म्हणून आता माझं मागणं ऐका. पूजा-अर्चा तुमची श्रद्धा आहे, ढोल्या गणपतीला तू आमच्यासाठी जातेस तशी जा. पण नागबली नको, काकूंच्या ओळखीच्या वैद्याच्या पुड्या नकोत, आणि तिला एकही नवा उपास सांगू नकोस. "काही विशेष?" हे विचारणं बंद करा. काही असलं तर मी स्वतः फोन करीन. कुणी टोचून बोललं तर अण्णा, तुम्ही सांगा की तपासणी झाली आहे, मुलाचा रिपोर्ट कमी आहे. माझं नाव घेऊन सांगा. मला त्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती गप्प बसल्याची.

तिसरा गर्भ अजून आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, आमच्या नावाची पट्टी लावून ठेवलाय. फेब्रुवारीत तो सोडायचं ठरवलंय. आई, मागे तू टीव्हीवर बघून म्हणाली होतीस, असली मुलं धड निपजतात का. मी जन्मलो त्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९८६ ला, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी अशीच एक मुलगी जन्माला आणली होती. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि २०१६ मध्ये तिला मुलगा झाला. तेव्हा ती भीती मनातून काढून टाक.

आणि या खेपेलाही नाही झालं तर आम्ही थांबणार. हे तिने नाही, मी ठरवलं. तिच्या शरीराने पुरेसं सोसलंय. मग दत्तक घेऊ. कारा नावाची सरकारी संस्था आहे, तिच्याकडे नाव नोंदवायचं, रांग तीन वर्षांच्या वर आहे. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत असावी लागते. आमची आज ७५ आहे, म्हणजे वेळ आहे, फार नाही. समाजसेविका घरी येऊन चौकशी करतात, आजी-आजोबांना काय वाटतं तेही विचारतात. अण्णा, तुम्ही एकदा वंशाबद्दल बोलला होतात. मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, की ते मूल वाईला आलं आणि मेच्या दुपारी तुमच्या शेजारी उकिडवं बसून मोड मोजायला लागलं, तर तुम्ही त्याला सरकून जागा कराल ना? याचं उत्तर आत्ता नको. सावकाश द्या.

माळ्यावरच्या पाळण्याचंही सांगायचं राहिलं. लग्नाच्या वर्षी तू तो पॉलिश करून घेतलास. परवाच्या गौरींना मुखवटे काढायला स्वाती वर गेली होती, खाली यायला तिला अर्धा तास लागला. मी वर गेलो तर ती त्याच्यावरचं जुनं लुगडं नीट खोचत होती. कुणाला देऊन टाकू नका. फक्त मुखवट्यांची पेटी खाली आणून ठेवा.

स्वातीला हे पत्र वाचायला दिलं. तिने आधी नको म्हटलं, मग ओटीच्या मजकुराशी थांबली, आणि "पाठव" म्हणाली. आम्ही शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. आई, ती आली की काही बोलायचं सुचलं नाही तर बोलू नकोस, नुसती जवळ घे.

तुमचा,
बाळू

ता. क. अण्णा, बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, मी इथून आणतो. लोणच्याची बरणी रिकामी झालीय, ती धुऊन बरोबर आणायचं स्वातीने ठरवलंय. ओली हळद निघाली असेल तर या वेळी ती तुझ्याबरोबर बसून किसणार आहे, म्हणाली.