संशयाची नोंद त्याच रात्री हवी

महोदय,

परदेशातल्या एखाद्या खुनी परिचारिकेची बातमी आली की आपल्याकडे ‘विकृत माणूस’ एवढे म्हणून विषय संपतो. ही प्रकरणे मुळातून पाहिली तर रुग्णालयांच्या चालढकलीचा वाटाही तेवढाच मोठा दिसतो. जर्मनीतील नील्स ह्योगेल या पुरुष परिचारकाला २०१९ मध्ये ८५ खुनांबद्दल जन्मठेप झाली. ओल्डेनबुर्गच्या रुग्णालयात त्याच्या पाळीत रुग्णांचे हृदय वारंवार बंद पडते, हे सहकाऱ्यांच्या ध्यानात आले होते. व्यवस्थापनाने उत्तम शिफारसपत्र देऊन त्याला वाटेला लावले. तो डेल्मेनहोर्स्टला रुजू झाला आणि खून तिथे सुरू राहिले. जून २००५ मध्ये एका परिचारिकेने त्याला रंगेहाथ पकडले, रुग्णाचे रक्त तपासणीला गेले, तरी त्याची ड्युटी थांबली नाही. दोनच दिवसांत आणखी एक बळी गेला.

अमेरिकेतील चार्ल्स कलेन या खुनी परिचारकाने १६ वर्षांत दहा ठिकाणी नोकरी केली. पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात वापरलेल्या सुयांच्या डब्यात औषधांच्या रिकाम्या व्हायल (छोट्या बाटल्या) सापडल्या. त्याने राजीनामा दिला आणि न्यू जर्सीत दुसरीकडे काम मिळवले. तिथे जुलै २००३ मध्ये विषबाधा माहिती केंद्राच्या डॉक्टरांनी रुग्णालयाला बजावले की हे पोलिसांचे काम आहे. रुग्णालयाने मात्र ‘आधी अंतर्गत चौकशी’ म्हणत पोलिसांना ऑक्टोबरपर्यंत कळवलेच नाही. ब्रिटनमधील बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेच्या प्रकरणात एका मुलाच्या रक्तात अफाट इन्सुलिन असल्याचा निकाल आला, त्यानंतरही आणखी एक बालक दगावले. पोलिसांना बोलावले ते एप्रिल १९९१ च्या अखेरीस.

आपल्याकडे एक अडचण याहून मोठी आहे. जर्मन पोलिसांनी शंभराहून अधिक मृतदेह उकरून तपासले आणि खटला उभा राहिला. ठाणे शहरात रात्री दोनला दगावलेल्या रुग्णावर सकाळी जवाहरबाग स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झालेले असतात. मागाहून उकरायला काही उरत नाही. म्हणजे पुरावा जपायचा तर तो रुग्णालयानेच, त्याच पाळीत.

इन्सुलिनचेच घ्या. मधुमेहाचे औषध चालू नसलेल्या रुग्णाची साखर मध्यरात्री अचानक तिशीत आली, तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) द्यायला क्षणाचाही उशीर नको. पण शीर धरलेलीच असते. त्याच वेळी रक्त काढून ठेवता येते. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये दोन मिलि साखरेसाठी आणि साध्या ट्यूबमध्ये पाच मिलि इन्सुलिन व सी-पेप्टाइडसाठी. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते तेव्हा सी-पेप्टाइडही सोबत बाहेर पडते. इन्सुलिन आकाशाला आणि सी-पेप्टाइड तळाला असेल तर ते बाहेरून टोचले गेल्याची दाट शंका येते. साधी ट्यूब सकाळपर्यंत ट्रेमध्ये पडून राहिली की रक्तपेशी फुटतात आणि इन्सुलिन खोटेच कमी दिसते. म्हणून रक्त गोठताच सेंट्रिफ्यूज करायचे (यंत्रात वेगाने फिरवायचे), सीरम म्हणजे वरचा पातळ भाग वेगळा काढून फ्रीझरमध्ये ठेवायचे, ट्यूबवर मिनिटासह वेळ घालायची. रात्री लॅब बंद असते अशा नर्सिंग होममध्ये नेमके हेच राहून जाते. ग्लुकोमीटरचा आकडा केसपेपरवर लिहिला जातो, साखर वर आली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि ती खाली का आली हे कोणी विचारत नाही.

निकाल आला तरी काम संपत नाही. ब्रिटनमध्ये नवजात बाळांच्या खुनांचा आरोप झालेल्या लुसी लेट्बी या परिचारिकेच्या प्रकरणात २०१५ मध्ये एका बाळाचे इन्सुलिन प्रचंड आणि सी-पेप्टाइड नगण्य असा निकाल आला होता. बाहेरून दिलेल्या इन्सुलिनची शंका असल्यास नमुना गिल्डफर्डच्या विशेष प्रयोगशाळेत पाठवता येईल, असेही प्रयोगशाळेने सुचवले होते. नमुना पाठवला गेला नाही. २०२३ मध्ये लेट्बी दोषी ठरली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने तिला दोषी ठरवणाऱ्या वैद्यकीय पुराव्यालाच आव्हान दिले. खरे काय, यावर आज दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भांडत आहेत. तेव्हा तो नमुना पाठवला असता तर निदान या मुद्द्यावरचा वाद मिटला असता. ज्या घरांतली बाळे गेली त्यांच्या वाट्याला ही अनिश्चितता यावी, याचे फार वाईट वाटते.

रक्ताइतकेच महत्त्व आजूबाजूच्या वस्तूंना आहे. अर्धी सलाईनची बाटली आणि आयव्ही सेट लाल पिशवीत जातो, काचेची व्हायल निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या डब्यात, आणि जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी आली की सगळे गेले. कारण न कळता हृदय बंद पडले की त्या खाटेचा कचरा बाजूला काढून सील करावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात, बाटली औषधांच्या फ्रीजमध्ये वेगळी ठेवावी. इन्फ्यूजन पंपाची (औषध मोजून शिरेत सोडणाऱ्या यंत्राची) मेमरी कोणी पुसू नये, तो दुसऱ्या रुग्णाला लावू नये. वॉर्डात रात्रपाळीला दोनच सिस्टर असतात हे खरे, पण या कामाला वीस मिनिटे लागतात.

औषधांचा हिशेब हा दुसरा धागा. मॉर्फिनला दुहेरी कुलूप असते. इन्सुलिन उघड्या फ्रीजमध्ये, जादा गेले तर हृदय बंद पाडणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल इमर्जन्सी ट्रेमध्ये. इन्सुलिनच्या १० मिलिच्या व्हायलमध्ये ४० युनिटच्या हिशेबाने ४०० युनिट असतात. आठवड्याचे इंडेंट (वॉर्डाने मागवलेला साठा) आणि ड्रग चार्टवरच्या युनिटांची बेरीज फार्मासिस्टने ताडून पाहावी. उघडलेली व्हायल २८ दिवसांनी टाकायची असते, ती घट धरूनही तफावत राहिली तर कारण लेखी घ्यावे. डेल्मेनहोर्स्टमध्ये ह्योगेल वापरायचा त्या अजमलिन या हृदयाच्या ठोक्यांवरील औषधाचा खप त्याच्या काळात कितीतरी वाढला होता. बिले पास होत राहिली.

केवळ ड्युटी रोस्टरवरून, म्हणजे कोण कोणत्या पाळीत होते त्या तक्त्यावरून मात्र कोणालाही खुनी ठरवू नये, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. नेदरलँड्समधील लुसिया दे बर्क या परिचारिकेला असाच हिशेब मांडून जन्मठेप झाली. हा योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटींत एक असल्याचे न्यायालयात सांगितले गेले होते. ती हजर होती म्हणून मृत्यू संशयास्पद ठरले आणि मृत्यू संशयास्पद म्हणून ती दोषी. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. ब्रिटनमधील स्टेपिंग हिल रुग्णालयात २०११ मध्ये सलाईनमध्ये इन्सुलिन सापडले तेव्हा आधी एक निरपराध परिचारिका कित्येक आठवडे तुरुंगात राहिली. खरा गुन्हेगार, परिचारक व्हिक्टोरिनो चुआ २०१५ मध्ये दोषी ठरला. आयसीयूतली अनुभवी सिस्टर सर्वांत अत्यवस्थ रुग्ण सांभाळते, जादा नाइट करते. तिच्या पाळीत मृत्यू अधिक दिसणारच. म्हणून अनपेक्षित मृत्यूंची यादी रोस्टर न पाहणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरने करावी, नावे नंतर जोडावीत. जपून ठेवलेले सीरम निरपराध सिस्टरलाही वाचवते.

आज शंका आलीच तर सिस्टर इनचार्जला सांगते, इनचार्ज मेट्रनला, मेट्रन सुपरिंटेंडेंटना. सगळे तोंडी. कुठेतरी ‘पुरावा आहे का?’ असा प्रश्न येतो आणि सांगणारीच अवघडते. पुरावा शोधणे हे तिचे काम नव्हे. तिने काय पाहिले, किती वाजता, एवढे सहीनिशी लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला पगार चालू ठेवून रुग्णांपासून दूर ठेवावे. रात्रपाळीवरून दिवसपाळीला टाकणे हा उपाय नाही. लेट्बीच्या बाबतीत तेच केले गेले होते. मृत्यूचे कारण संशयास्पद असेल तर फॉर्म ४ (मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला) भरून मोकळे होऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार खुनाची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि कलम १९४ खाली पंचनामा होऊन शवविच्छेदन व व्हिसेरा (आतल्या अवयवांच्या नमुन्यांची) तपासणी होऊ शकते. शव नातेवाइकांच्या ताब्यात देण्याआधी हा निर्णय व्हायला हवा, आणि तो त्यांना समोर बसवून नीट समजावून सांगायला हवा.

घोडबंदर रोडवरून सोडलेली सिस्टर आठवड्यात कोपरखैरण्यात रुजू होऊ शकते, हातात ‘वर्तणूक समाधानकारक’ लिहिलेले रिलीव्हिंग लेटर. मनुष्यबळाची टंचाई एवढी की आधीच्या ठिकाणी फोनही केला जात नाही. न्यू जर्सीने कलेननंतर कायदा करून रुग्णालयांना अशी माहिती देणे सक्तीचे केले आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण दिले. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी महापालिकांकडे आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी चार गोष्टी प्रत्यक्ष मागून पाहाव्यात: अनपेक्षित मृत्यूंचे रजिस्टर, इन्सुलिन व पोटॅशियमचा ताळमेळ, रात्री नमुना साठवायची सोय, आणि प्रत्येक परिचारिकेच्या नर्सिंग कौन्सिल नोंदणीची व आधीच्या रुग्णालयाकडे केलेल्या चौकशीची लेखी नोंद. यातली एक गोष्ट जरी नसेल तरी नूतनीकरण रोखावे.

– रुग्णालयीन सेवेतील काही निवृत्त परिचारिका व औषधनिर्माते, ठाणे