पडलास तर बाहेर कुठून निघणार?

चि. बाबू,

काल फोन मी आपटला, तू नाही. म्हणून आधी मीच लिहितोय. आई म्हणाली व्हॉइस मेसेज टाका, पण त्यात माझा आवाज चढतो हे तुला माहितीये, त्यापेक्षा टाईप केलेलं बरं. कीबोर्ड मधेच शब्द बदलतो, सांभाळून घे.

पहिलं म्हणजे तिकडे इंग्लंडात सेव्हर्न नदीत भरतीच्या लाटेवर तू फळीवर उभा राहून गेलास, तो व्हिडिओ मी बघितला होता. भांडायच्या आधी सात-आठ वेळा बघितला, फोनवर ते बोललो नाही एवढंच. घड्याळ लावून मोजलं, 2 मिनिटं 11 सेकंद तू उभा होतास. गोव्यात हरमलला शिकत होतास तेव्हा उभा राहतोय न राहतोय तोवर लाट फुटून खलास, आणि इथे मागे शेतं जातायत, मेंढ्या जातायत, एक चर्च गेलं, आणि तू आपला एस्टीच्या दारात उभा असल्यासारखा निवांत. जेटीवर सगळ्यांना दाखवला. मास्तर म्हणाले नदीत उलटी लाट कशी येईल, हे कॉम्प्युटरवर केलंय. मग मीच त्यांना समजावलं की भरती आपल्या खाडीतपण शिरते, पण आपल्याकडे उधाणाला पाणी चढून चढून चढणार किती, फार तर तीन मीटर, तिकडे सेव्हर्नच्या तोंडाशी 14-15 मीटर चढतं आणि पुढे खाडी नरसाळ्यासारखी अरुंद होत जाते, मग एवढं पाणी जाणार कुठे, भिंत होऊन नदीत वर घुसतं. हे सांगताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. त्याला बोअर म्हणतात ऐकून सगळे हसले, आपल्याकडे बोअर एक तर पाण्यासाठी मारतात नाहीतर भाषणाने होतं.

तर तू म्हणालास होळीनंतर दोन दिवसांनी चार स्टारचा, म्हणजे मोठा, बोअर आहे आणि या वेळेला मधे उतरायचंच नाही, लाट नेईल तिथपर्यंत जायचं. त्यावर मी जे बोललो ते बोललो. पण बाबू, एकच सांग, पडलास तर बाहेर कुठून निघणार?

फेरीबोटीवर 27 वर्षं काढली मी. समुद्रातली लाट पाडते आणि निघून जाते. नदीतली ही लाट म्हणजे नुसता भालदार रे, खरी स्वारी मागून येते. तूच सांगितलंस ना, लाट गेल्यावरही तासभर पाणी चढतच राहतं, ओंडके काय, फांद्या काय, सगळं घेऊन. आणि जो काठ म्हणून दिसतो तो काठ नाही, गाळ आहे. दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या म्हणालास, मग दहा मिनिटांनी काय? मार्चमधलं तिकडचं पाणी, बोटं तरी वळतील का फांदी धरायला? लांब लाटेचं मला हेच भ्या वाटतं, छोटी लाट आपणहून सोडते, ही तुलाच सोडायला लागणार. आणि चांगलं चाललेलं असताना सोडायचं कसं हे मी तुला शिकवलेलं नाही, मलाच कधी जमलं नाही, आईला विचार.

झालं, सुरू झालं माझं. माफ कर. आई मागे उभी राहून वाचतेय, म्हणते पोरगा तीसचा होईल आता.

मला तो गाळच आठवतो रे. तू तिसरीत होतास, ताईबरोबर शिंपल्या काढायला गेलास ओहोटीला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर रुतला. ताई ओरडत आली तेव्हा भरती लागली होती. मी होडीतली फळी टाकून तिच्यावर पालथा पडलो आणि हाताने तुझ्या पायाभोवतीचा चिखल उकरायला लागलो, जेवढा उकरावा तेवढा परत भरायचा, पाणी तुझ्या कमरेला आलं आणि तू मला विचारतोस, बाबा, चप्पल पण निघेल ना? पाय निघाला, फच्चकन आवाज झाला, चप्पल राहिली. निळा पट्टा होता. घरी आणून तुला एक ठेवून दिली आणि मागच्या पडवीत जाऊन बसलो, किती वेळ ते आईलाच माहीत. अण्णाचं मी काढणार नव्हतो आणि काढत पण नाही.

पुढच्याच मे महिन्यात दोन असोले नारळ कमरेला बांधून तुला विहिरीत टाकला. चार दिवसांत तू नारळ सोडून दिलेस. आता कुठल्या तोंडाने बोलू?

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. 1955 मध्ये त्या लाटेवर पहिल्यांदा जो उभा राहिला तो जॅक चर्चिल, महायुद्धात तलवार घेऊन लढायला जायचा, लोक त्याला मॅड जॅक म्हणायचे. म्हणजे मूळपुरुषच असा! 2006 मध्ये स्टीव्ह किंग तिथेच 12 किलोमीटर गेला, 2016 मध्ये सुमात्राच्या कंपार नदीवर जेम्स कॉटन 17 च्या वर. 17 म्हणजे दापोलीहून हर्णैपर्यंत, फळीवर उभा राहून. वाचताना मलाच मजा वाटायला लागली, मग स्वतःचाच राग आला. किलोमीटरचे आकडे सगळीकडे आहेत, बाहेर कुठून निघाले ते मला कुठे सापडलं नाही.

जा तू. मी अडवत नाही, अडवून ऐकणार थोडाच आहेस. एवढं कर, आदल्या दिवशी ओहोटीला काठाने चालून ये. ग्लॉस्टरच्या अलीकडे नदीचे दोन फाटे होतात आणि पुढे दोन्हीकडे बंधारे आहेत, मी नकाशात बघितलं, फाट्यापर्यंत जायचंच नाही, आधी उतरायचं. पायऱ्या कुठे, दगडी उतार कुठे, झाडं पाण्यावर कुठे वाकलीयेत, सगळं बघून ठेव. तिकडे सकाळी नऊला लाट आली तर इकडे अडीच वाजतात, मी जेवून पडलेला असेन असं समजू नकोस. बाहेर आलास की आधी फोन, कपडे नंतर. नाही, आधी कपडे बदल, गारठशील. मग फोन.

शिमग्याची पालखी दारात आली की आई तुझ्या नावाने नारळ ठेवणार आहे, मी काही बोललो नाही.

आणि फोटो पाठव. लाटेचे नकोत, काठाचे पाठव, ओहोटीचे, चिखल दिसेल असे.

तुझा
बाबा