टायमर मी लावायचे

ताई,

तुम्ही पहिल्यांदा सलूनमध्ये आलात तेव्हा मी तुम्हाला गिऱ्हाईक समजले होते. सवयीनं हसून विचारलं, 'पॅकेज बघणार की एकच सेशन?' तुम्ही म्हणालात, 'मला काही नको. गर्दी ओसरली की पाच मिनिटं बोलायचंय.' आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाऊण तास बसून राहिलात.

हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण टॅनिंग बेडविरुद्धच्या तुमच्या मोहिमेमुळे तुमच्याविषयी वाईटसाईटही चारचौघांतच बोललं गेलं. 'दुसऱ्याच्या धंद्यावर उठलेली बाई' हे त्यातलं सौम्य. ते बोलणाऱ्यांत मीही होते. तेव्हा आभारही चारचौघांतच मानलेले बरे.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी टॅनिंग बेड पाहिलाही नसेल, म्हणून सांगते. माणूस झोपेल एवढी काचेची खाट, वर तसंच झाकण, दोन्हीकडे अतिनील किरणांच्या नळ्या. डोळ्यांवर छोटे गॉगल लावून आत झोपायचं आणि आठ-दहा मिनिटांनी रंग गडद करून बाहेर यायचं. मराठीत याला सरळ शब्द आहे, रापणं. उन्हातान्हात राबणाऱ्याचा चेहरा रापतो, तेच इथे पैसे मोजून. किती मिनिटं, ते ठरवणारा टायमर काउंटरवर असतो. तो मी लावायचे.

माझी काही वाक्यं पाठ होती. 'हे नियंत्रित ऊन आहे.' 'सुट्टीवर जाण्याआधी बेस टॅन करून घ्या, मग उन्हात भाजणार नाही.' 'व्हिटॅमिन डी मिळतं.' खोटं बोलतेय असं मला वाटत नव्हतं. मला शिकवलं गेलं होतं तेच मी पुढे सांगत होते.

तुम्ही पत्रक काढून हातात द्याल अशी माझी अटकळ होती. त्याऐवजी विचारलंत, 'नळ्या नवीन बसवल्या की मिनिटं कमी करता का?' मी चपापले. जुन्या नळ्यांचा जोर हळूहळू उतरतो, नव्या आल्या की त्याच मिनिटांत जास्त किरण अंगावर पडतात. नळ्या बदलल्या त्या आठवड्यात लाल झालेल्या पाठींच्या तक्रारी हमखास यायच्या आणि आम्ही कोरफडीचं जेल विकायचो. ही बाई आमची खोली आतून ओळखते, हे मला तेव्हा कळलं. त्या एका प्रश्नामुळेच मी पुढचं ऐकून घेतलं.

मग एकेक वाक्य तुम्ही उलगडून दाखवलंत. अतिनील किरणांपैकी या नळ्यांतून येतात ते मुख्यतः यूव्हीए, व्हिटॅमिन डी तयार व्हायला लागतात ते यूव्हीबी. बेस टॅनचं कवच सनस्क्रीनच्या मापात जेमतेम तीन-चार एसपीएफचं. आणि रंग चढतो तोच मुळी पेशीतल्या डीएनएला इजा झाल्यावर. इजेची वर्दी रंगपेशींना पोहोचते, त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून वरच्या थराला पुरवतात. म्हणजे मी ज्याला 'छान रंग आलाय' म्हणायचे, ती दुखापतीची खूण होती. याच गडबडीत त्वचेत एंडॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारं रसायनही तयार होतं. 'बेडवर झोपलं की मन हलकं होतं' असं सांगत पुन्हा पुन्हा येणाऱ्या बायका मला तिथल्या तिथे आठवल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ साली ही यंत्रं पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्यांत टाकली, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत, हे ऐकून मी फटकन म्हणाले, 'म्हणजे आमचं सलून आणि सिगारेट सारखीच?' तुम्ही म्हणालात, 'नाही. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.' पस्तिशीच्या आत बेड वापरायला सुरुवात केलेल्यांमध्ये मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा धोका ५९ टक्क्यांनी जास्त, हा २०१२ सालच्या अभ्यासातला आकडा सांगतानाही तुम्ही मुद्दाम म्हणालात की आधी ८७ छापला गेला होता, नंतर दुरुस्ती झाली. मोठा आकडा हाताशी असताना धाकटा सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आमच्या धंद्यात तर नाहीच.

तेवढ्यात माझी सहकारी आतली खाट पुसून बाहेर आली. तुम्ही विचारलंत, 'तुम्ही स्वतः किती वेळा झोपता?' मी एकदाच झोपले होते, गंमत म्हणून. तिला मात्र आठवड्यातून तीनदा फुकट मिळायचं, पगारासोबतची सवलत. ती गोरी, लगेच लाल होणारी. तिच्या पोटरीवर एक तीळ होता. मी तो रोज पाहत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. एका बाजूला पसरलेला, कड फाटल्यासारखी, तपकिरीत मधेच काळा. तुम्ही म्हणालात, 'मी डॉक्टर नाही. पण हा आधीपासून असाच आहे का?' ती म्हणाली, 'उन्हाळ्यात लहान होता.' तुम्ही तिला तिथूनच त्वचेच्या डॉक्टरांना फोन करायला लावलात आणि वेळ मिळेपर्यंत दारातून हलला नाहीत.

बायोप्सीत मेलानोमा निघाला. जाडी ०.६ मिलिमीटर. या रोगात मिलिमीटरच्या दशांशांवर माणसाचं पुढचं सगळं अवलंबून असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. भोवतालची एक सेंटिमीटर कातडी घेऊन तो काढला, टाके पडले, आणि पुढचे उपचार लागले नाहीत. आता ठरलेल्या तारखांना तपासणी असते, प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री तिला झोप नसते. तिचं नाव मी लिहीत नाही, तिनं तसं सांगितलंय. 'पण ताईंना लिही, पोटरीवर खड्डा आहे आणि मी आहे,' हा तिचा निरोप.

तिच्या प्रत्येक सेशनचा टायमर मी लावला होता. हे मी तुमच्याजवळ रडत बोलले तेव्हा मला काय ऐकायचं होतं ते तुम्हालाही ठाऊक होतं. सगळे तेच म्हणत होते, 'तुझा काय दोष?' तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, 'हो, टायमर तू लावलास. आता सुनावणीत तेच सांग.' त्या क्षणी मला तुमचा रागच आला. पण 'तुझा दोष नाही' म्हणणाऱ्यांनी मला घरी बसवलं असतं, आणि तुम्ही मला काम दिलंत. या पत्रातले सगळ्यांत मोठे आभार त्या वाक्याचे आहेत.

त्या सुनावणीत अठरा वर्षांखालच्यांना बेडबंदी करावी, एवढीच तुमची मागणी होती. त्यासाठी तुम्ही गोळा केलेली वही मी अजून विसरले नाही. ब्राझीलनं सौंदर्यासाठीचे टॅनिंग बेड २००९ मध्येच बंद केले. कॅलिफोर्नियात २०१२ पासून अठराखाली पूर्ण मनाई. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर अवघ्या सव्विसाव्या वर्षी, २००७ मध्ये मेलानोमानं गेली. जाता जाता तिनं टॅनिंग बेडविषयी इतकं बोलून ठेवलं की सरकारांना कायदे करावे लागले, आणि २०१६ उजाडेपर्यंत ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन बेड चालवणं सगळीकडे थांबलं. समोरच्या बाजूचा मुद्दा एकच होता, 'पालकांची लेखी संमती घेतोच की आम्ही.' मला तीन मिनिटं मिळाली होती. मी एवढंच सांगितलं की सोळा वर्षांची मुलगी संमतीचा कागद घेऊन बाहेर जायची, दोन मिनिटांत सही घेऊन यायची, आणि ती सही आईची की तिचीच, हे मी एकदाही विचारलं नाही. सभागृह गप्प झालं. उरलेली दीड मिनिटं मी नुसती उभी होते.

पहिल्या खेपेला ठराव लटकला. दुसऱ्या खेपेला अठराची अट आली, पण कुणीही देखरेखीला नसताना नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांवरची बंदी गळाली. तुम्ही त्या रात्री जिन्यावर बसून नुसतं 'बरं' म्हणालात.

आपलं एका गोष्टीवर पटलं नाही, तेही लिहिते. कापलेल्या जखमांचे फोटो लावलेली तुमची भित्तिपत्रकं मला आवडायची नाहीत. सोळाव्या वर्षी मरण कुणालाच खरं वाटत नाही. तिशीत चेहऱ्यावर चाळिशीच्या सुरकुत्या येतील हे मात्र वाटतं. यूव्हीए आत खोलवर जाऊन त्वचेला आधार देणारे धागेच सैल करतो, ते सांगा, असं मी म्हणत राहिले. शेवटी शाळांसाठीचं पत्रक तुम्ही मला लिहायला दिलंत. आणि तुमचं एक भाषण ऐकून सोरायसिस हा त्वचारोग असलेल्या एका काकांनी डॉक्टरांची प्रकाशचिकित्साच बंद केली, तेव्हा तुम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलात. तिथले ३११ नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण मोजून दिलेलं औषध आहे, त्याची नोंद राहते, आमच्या सलूनसारखं नाही, हे समजावून सांगितलंत. स्वतःच्या बोलण्याचा परिणाम निस्तरायला जाणारी माणसं, पुन्हा सांगते, थोडी.

राहिली माझी गोष्ट. माझी कातडी सावळी, म्हणून हे सगळं दुसऱ्यांचं दुखणं असं मी धरून चालले होते. धोका कमी आहे हे खरंच. पण सावळ्या माणसाला मेलानोमा झालाच तर बहुधा ऊन पोहोचत नाही तिथे होतो, तळव्याला, तळहाताला, नखाखाली, आणि तिथे कुणी बघत नाही म्हणून उशिरा कळतो. गायक बॉब मार्लीचा पायाच्या अंगठ्यापासूनच सुरू झाला होता. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्याचा टॅनिंगशी काही संबंध नव्हता. पण तुम्ही मला माझे तळवे स्वतः बघायला लावलेत, आणि मागची बाजू दिसावी म्हणून तुमचा हातातला आरसा देऊन गेलात.

तो आरसा अजून माझ्याकडेच आहे. पाठीचा निम्मा भाग त्यात एकटीला दिसत नाही, म्हणून बहिणीला बोलावलंय, ती माझी बघेल, मी तिची. ते झालं की आणून देते. येताना सलूनची बातमीही सांगेन: मालकानं एक खाट काढून तिथे स्प्रे टॅन सुरू केलाय, म्हणजे वरच्या मृत थराला लागणारा नुसता रंग. दोन खाटा अजून चालू आहेत.

तुमची,
काउंटरवरची