नाश्त्याचे सल्ले पुरे, शाळेत नाश्ता द्या

मा. संपादक,

सकाळचा नाश्ता चुकवू नका, भरपेट खा, प्रोटीन घ्या असले लेख सारखे वाचायला मिळतात, पण ज्यांच्या घरी नाश्ता होतच नाही त्यांच्याकडे तो का होत नाही हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी उल्हासनगरला पाचवी-सहावीला शिकवते, सकाळचं सेशन. परिपाठाला उभी असलेली पोरं चक्कर येऊन खाली बसतात. काय खाल्लंस विचारलं की चहा-बिस्कीट, चहा-खारी, नाहीतर नुसता कोरा चहा.

आयांना दोष देणं सोपं आहे हो. एका मुलीची आई सहाला घर सोडते, सोसायटीत तीन घरचा स्वयंपाक करते, तिथे पोहे, उपमा सगळं हिच्याच हातचं गरमगरम आणि पोरीला पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा. मला म्हणाली, "मॅडम, पोह्यांना तेल लागतं, शेंगदाणे लागतात, सिलेंडर पुरवून पुरवून वापरते मी, आणि उठू किती वाजता?" काय उत्तर देणार?

आमच्या लहानपणी रात्रीची भाकरी दुधात कुस्करून नाहीतर फोडणीचा भात खाऊन शाळेत जायचो. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो पण तोही महिनाअखेरीस मोजूनच शिजतो, मग शिळं उरणार कुठून? आणि बाप लोक लोकल पकडायच्या घाईत, स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला तर खाल्ला.

2020 च्या शैक्षणिक धोरणातच मुलांना दुपारच्या जेवणासोबत सकाळचा नाश्ताही द्यावा असं लिहिलंय. तमिळनाडूने 2022 मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत तो सुरूही केला, उपमा, खिचडी, पोंगल असं साधंच पण गरम. आपल्याकडे 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवा असा निर्णय झाला, मुलांच्या झोपेचा विचार केला ते चांगलंच केलं, आता पोटाचाही करा. मधल्या सुट्टीची खिचडी येईपर्यंत गणिताचा तास होऊन गेलेला असतो आणि भुकेल्या पोराच्या डोक्यात अपूर्णांक शिरत नाहीत, हे मी रोज बघते.

निदान सकाळच्या सेशनच्या शाळांपासून तरी सुरुवात करा. खिचडी शिजवणाऱ्या बायकांनाच लवकर बोलवा, मात्र त्यांचं मानधन आधी वाढवा, ते आत्ताच फार तुटपुंजं आहे.

- एक शिक्षिका, उल्हासनगर