बायोप्सीच्या खोलीत ग्लुटाराल्डिहाइडची कुपी हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या डायलिसिस केंद्रांच्या बातम्या आपण छापता. किडनीवर ती वेळ येण्याआधीच्या एका टप्प्याबद्दल मला लिहायचे आहे. मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने अतिसूक्ष्म रचना पाहण्याच्या तपासणीचा, निवृत्त तंत्रज्ञ. नोकरी परळला झाली, बहुतेक सगळी किडनीतल्या केशवाहिन्यांचे काप काढण्यात.

आमच्या सोसायटीतल्या एका शाळकरी मुलाच्या लघवीतून अधूनमधून रक्त जाते. त्याचा सख्खा मामा ऐन तिशीत डायलिसिसवर गेला. मुलाची बायोप्सी झाली, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढला, तेव्हा आई फाइल घेऊन माझ्याकडे आली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विशेष दोष नाही, असा अहवाल होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीपुढे मात्र 'नमुना मिळाला नाही' असे लिहिलेले. सगळा तुकडा साध्या तपासणीच्या फॉर्मॅलिन या द्रावणात गेला होता.

मामाचा आजार ऐकला की अल्पोर्ट सिंड्रोम या किडनीच्या आनुवंशिक आजाराची शंका आधी येते. किडनीची गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा पुंजका. त्यांच्या भिंतीतला मूळ पडदा निरोगी प्रौढ माणसात साधारण ३०० ते ३५० नॅनोमीटर जाडीचा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर २०० नॅनोमीटरच्या आसपास संपते, म्हणून पडद्याच्या आत काय बिघडले ते त्याला कळत नाही. अल्पोर्टमध्ये पडदा कुठे पातळ तर कुठे जाड होतो, त्याचे पदर सुटतात. तो सगळीकडे सारखाच पातळ असेल तर आजार बहुधा सौम्य निघतो. मधुमेहात हाच पडदा जाड होत जातो.

फॉर्मॅलिननंतर पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात गेलेला तुकडा काढून पुन्हा तयार करता येतो, पण त्यात पडद्याची जाडी कमी भरते. निदानच जाडीवर ठरायचे असेल तर त्याचा काय भरवसा? शेवटी त्या घराने उसनवारी करून जनुकीय तपासणी केली.

खरे तर यासाठी एक मिलिमीटरचा कण पुरतो. सुईतून निघाल्याबरोबर तो ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, म्हणजे पेशींची सूक्ष्म रचना टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे. पुढे ऑस्मियमचे द्रावण, मग रेझिनचा कडक ठोकळा, मग काप काढायला हिऱ्याची सुरी. ७०-८० नॅनोमीटरचा काप सुरीला लागून असलेल्या पाण्यावर तरंगतो. चंदेरी झाक दिसली की जाडी बरोबर. सोनेरी दिसली तर काप जाड झाला, तो सोडून द्यायचा. चांगला काप तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर अलगद उचलायचा. हे काम मला फार आवडायचे. केशवाहिनीच्या अस्तराला मुळातच असलेल्या बारीक खिडक्या यंत्राच्या स्क्रीनवर स्पष्ट उमटल्या की दिवसभराचा शीण जायचा.

प्रत्येक रुग्णालयाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घ्यावा, असे मी म्हणत नाही. पवईच्या आयआयटीत आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तो आहे, पण तिथले मुख्य काम संशोधनाचे. महापालिका आणि जिल्हा रुग्णालयांनी किडनीचे नमुने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेशी करार करावा. तोवर निदान किडनीची बायोप्सी होते त्या प्रत्येक खोलीच्या फ्रिजमध्ये ग्लुटाराल्डिहाइडची कुपी असू द्यावी. नमुना त्यात थांबू शकतो. तपासणी करायची की नाही, ते मागाहून ठरवता येते. आणि बायोप्सीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी तुकडा वेगळा काढणार ना?

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)