गोंगाट म्हणून बंद करू नका

मा. संपादक,
तुमच्या संगीताच्या पानावर जॅझबद्दल फार काही येत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम म्हटलं की १९६४ चं स्टुडिओ रेकॉर्डिंगच आठवतं, पण २ ऑक्टोबर १९६५ ला सिअ‍ॅटलच्या पेंटहाउस क्लबमधे त्याने ते लाइव्ह वाजवलं होतं आणि ती टेप त्याचा मित्र जो ब्राझीलच्या संग्रहात इतकी वर्षं पडून राहिली, अल्बम आला थेट २०२१ मधे! स्टुडिओत ३३ मिनिटांचं, इथे सव्वा तास. कोल्ट्रेनच्या नेहमीच्या चौघांच्या संचासोबत सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स, कार्लोस वॉर्ड आणि बासवर डोनाल्ड गॅरेट, सगळे एकमेकांचं ऐकत जागच्या जागी रचत जातात, सॅक्सोफोन अक्षरशः किंचाळतात, टेपवर सॅक्स जरा लांबून आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स अगदी कानाशी ऐकू येतात, आणि मधेच या रचनेची ओळख असलेले बासचे ते चार सूर परत आले की अंगावर काटा येतो. १९६५ मधेच जन्मलेल्या मुलाचं नाव कोल्ट्रेनने सतारवादक रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं, म्हणजे आपल्या संगीताशी हे नातं किती जवळचं बघा. पहिली दहा मिनिटं गोंगाट वाटेल, तरी बंद करू नका. यावर एक सविस्तर लेख छापा, प्लीज.

- एक वाचक, नाशिक